दोर सरळच काढला होता

६ सप्टेंबर

मामा,

'तीर्थरूप' लिहिलं तर पाकीट उघडायच्या आधीच तुझा ऊर दडपेल, म्हणून नुसतं मामा. खरं तर फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "आई बरी आहे" म्हटलं आणि तू "कुणाची गाय?" विचारलंस, तेव्हाच ठरवलं की आता कागदच बरा. चाळीस वर्षं लिफ्टच्या मोटर रूममध्ये काढलीस, कान तिथेच ठेवून आलास.

माझ्या वर्गात यंदा सात मुलं आहेत, नऊ ते चौदा वर्षांची. काहींना बोलता येत नाही, काहींना थांबता येत नाही. रोज पहिला अर्धा तास आम्ही चटया टाकून योगासनं करतो. योगासनं म्हणजे काय, खेळच. नावं मुलांनीच ठेवलीत. मांजर, झाड, भुंगा. शवासन हा शब्द एकाच्या आजोबांना सोसवेना, म्हणून ते आता 'गादी'. गादीत पहिला नंबर डोंगरचा. हा मुलगा चौदा वर्षांचा, माझ्या दुप्पट रुंद, आणि आडवा झाला की दोन मिनिटांत घोरतो.

सगळं छान चाललंय, पण मनीचं काय करू ते सांग. अकरा वर्षांची आहे. मांजर इतकं सुंदर करते की पहिल्या दिवशी माझ्यावर फिस्कारली. पण शाळेची घंटा झाली, कुणी ओरडलं, कुणी अंगाला हात लावला, की टाचा उचलून थरथरत उभी राहते, मग किंचाळते, मग पळते. दोनदा फाटकाबाहेर गेली. तिची आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असते, घरात तिसरं माणूस नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सांगून टाकलंय की १ डिसेंबरला बैठक घेणार. तोवर मनी सावरली नाही तर तिला निवासी शाळेत पाठवायचं, पाच तासांच्या अंतरावर. बाई वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत. फाटकाबाहेर रस्ता आहे.

तुझी आठवण झाली म्हणून मी एक लिफ्टचा खेळ काढला. उकिडवं बसलं की तळमजला, गुडघ्यांवर पहिला, उभं राहिलं की दुसरा, टाचा नि हात वर केले की गच्ची. सगळी मुलं गच्चीवर जातात आणि खाली येतात. मनी गच्चीवर जाते आणि तिथेच अडकते.

म्हणून एक विचारायचंय. मी सहा वर्षांची असताना आईबरोबर लिफ्टमध्ये अडकले होते आणि तू वरच्या झडपेतून माझ्याशी बोलत होतास. आई म्हणते मी चाळीस मिनिटं रडले नाही. तू मला काय सांगत होतास, मामा? मला नुसता तुझा आवाज आठवतो, शब्द आठवत नाहीत.

तुझी,
ठमी


१७ सप्टेंबर

ठमे,

आशीर्वाद पाकिटातच आहेत, झटकून बघ.

अक्षर वाकडं दिसेल. टेबलाचा पाय हलतोय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

काय सांगत होतो? सांगतो. "ठमे, वर फुंकर मार. मला वारा लागला की सांगतो." तू फुंकर मारलीस. मी म्हटलं, "लागला, पण फार जोरात सोडलास. हळू सोड, लांबव." असं चाळीस मिनिटं. खरं सांगू? वाऱ्याचा पत्ता नव्हता, वर मोटरची धग होती नुसती. पण तू फुंकायचीस त्याचा आवाज यायचा. आत माझी सख्खी बहीण नि तिची पोर, माझीच पाचावर धारण बसली होती. त्या फुस्स-फुस्सच्या तालावर माझे हात चालले. आईला सांगू नकोस, ती मला अजून शूर समजते.

आणि एक लक्षात ठेव. मी तुला एकदाही 'शांत हो' म्हटलं नाही. अडकलेल्या माणसाला शांत हो म्हटलं की तो दुप्पट ओरडतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तुमच्या शाळेत दिवसातून किती वेळा म्हणता 'शांत बस'? मोज एकदा. त्या पोरीनं हा शब्द दर वेळी मार बसायच्या आधीच ऐकला असेल. आम्ही आमच्या कामात एकच शब्द वापरायचो, लेव्हल. केबिनची फरशी आणि मजल्याची फरशी एका रेषेत आली की लेव्हल आली. त्यात कुणी कुणाला दटावत नाही. आली की आली, नाही आली तर थोडं वर, थोडं खाली.

आता तुझ्या खेळाबद्दल. ठमे, तू माझी भाची आणि लिफ्टबद्दल इतकी अडाणी! सगळी एकदम गच्चीवर कशी जातील? केबिन एकटी कधी वर जात नाही. तिच्या मागे, पाठीशी, एक वजन असतं. ती वर गेली की ते खाली येतं, ते वर गेलं की ती खाली येते. तुझी मनी खाली येत नाही कारण तिच्या पाठीशी वजनच नाही. सोबत आकृती काढून देतोय. नीट बघ आणि चूक सुधार. उगाच माझ्या धंद्याचं नाव खराब करू नकोस.

मामा


५ ऑक्टोबर

मामा, मामा, मामा,

तीनदा लिहिलं तरी कमीच.

आधी शब्दाचं सांगते. मोजलं. एका दिवसात मी स्वतः एकोणीस वेळा 'शांत' म्हटलं. लाज वाटली. आता वर्गात तो शब्द बंद. आमच्याकडे एक दहा वर्षांची पोर आहे चाकाच्या खुर्चीतली. तिचे हात सारखे थरथरतात, पण जीभ अशी चालते की विचारू नकोस. ती आमची लिफ्टमनबाई. तीच मजले पुकारते आणि शेवटी दरडावून विचारते, "लेव्हल आली का?" न येणाऱ्यांनी "थोडं वर" नाही तर "थोडं खाली" म्हणायचं. कुणी रागवत नाही.

आता तुझी आकृती. ती मी फळ्याशेजारी चिकटवली आणि मुलांना विचारलं, हे काय आहे? मी म्हणणार होते की ही केबिन, हे वजन. पण लिफ्टमनबाई म्हणाली, "दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी आहेत." बघते तर खरंच की! तू दोन चौकोन एकमेकांच्या मागे चिकटवून काढलेत. डोंगर उठला, पाठ करून उभा राहिला आणि वाट बघू लागला. आणि मामा, जिला कुणाचा हात खपत नाही, ती मनी गेली आणि त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली! हात लावला तर किंचाळते, पण पाठ चालते. डोंगर खाली बसायला लागला की ती वर. तो वर उठला की ती खाली. गच्चीवरून खाली आली, मामा. पहिल्यांदाच.

सगळ्यात भारी तू दोराचं केलंस. दोर सरळ न काढता लाटेसारखा काढलास ना? लिफ्टमनबाई म्हणाली, "दोर डुलतोय, म्हणजे त्यांनी डुलायचं." म्हणून आता वर-खाली झालं की दोघं पाठीला पाठ लावून डुलतात, हळूहळू, इकडून तिकडे. त्या डुलण्यात मनी लांब श्वास सोडते, तू मला शिकवला होतास तसाच. मी तिला सांगितलंही नव्हतं. तुला हे कसं सुचलं? तू खरंच महान आहेस. तुझे उपकार मी कसे फेडू?

ठमी


१४ ऑक्टोबर

ठमे,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि एकदा मोठ्यानं, भिंतीला.

आभार कसले मानतेस? पण हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याआधी ऐकून घे. पाठीला पाठ मी काढलीच नव्हती. केबिनच्या मागे वजन असतं म्हणून मागे काढलं, एवढंच. आणि दोर कधी डुलत नसतो. डुलला तर लिफ्ट बंद करायची आणि मला बोलवायचं. मी दोर सरळच काढला होता. ते असू दे. मुलांना आवडला ना, मग तो तसाच.

डोंगरला सांग, त्याचं काम सगळ्यात अवघड आहे. वजनाकडे कुणी बघत नाही, पण ते नसलं तर मोटर जळते.

लिफ्टमनबाई काय करते, काय खाते, कुणावर ओरडते, सगळं लिही. टेबलाचं काम अजून व्हायचंय.

मामा


९ नोव्हेंबर

मामा,

महिनाभर लिहिलं नाही. आधी वाईट बातमी सांगते, मग भांडते.

परवा आगीच्या सरावाची घंटा झाली. आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. डोंगर त्या दिवशी तापानं घरी होता. मनीनं सगळ्या वर्गात पाठ शोधली, मला दिसलं ते. मी धावले पण पोचायच्या आत ती फाटकाशी होती. पहारेकऱ्यानं दंड धरला आणि ती त्याला कडकडून चावली. बिचाऱ्याला तीन टाके पडले. मोठ्या बाईंनी सगळं लिहून ठेवलंय. बैठकीला तीन आठवडे आहेत आणि माझा धीर सुटलाय. मनीची आई काल आली होती. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "बाई, तुम्हाला सांगायचं राहिलं. रविवारी मी भांडी घासत होते, तर ही आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. मी नळ बंद केला नाही, हलले नाही, भांडी तशीच घासत राहिले. तिला पाठवलं तर पाठवलं, पण एवढं तुम्ही मला दिलंत." मी काय देणार, मामा? मीच रडले.

आता भांडण.

तुझी दोन्ही पत्रं मी वर्गात वाचून दाखवली. अक्षर बघायला म्हणून लिफ्टमनबाईनं मागून घेतली. मग स्वतःचा हात पुढे करून म्हणाली, "मामांचा हात माझ्यासारखा आहे."

मी घरी येऊन तुझं तीन वर्षांपूर्वीचं शुभेच्छापत्र काढलं. त्यातली रेघ पट्टी लावल्यासारखी आहे. मामा, तू साठ मजल्यांच्या इमारतीत केबिन केसभर इकडे-तिकडे होऊ न देणारा माणूस. तुझ्या घरात टेबलाचा पाय दोन महिने हलतो आणि तू तो हलू देतोस? मी शेंबडी पोर राहिलेली नाही. टेबल हलत नाहीये. तू हलतोयस.

कधीपासून?

ठमी


१८ नोव्हेंबर

ठमे,

दहा वर्षांच्या पोरीनं पकडलं. भलेभले तपासनीस गंडवले मी, पण तिच्यापुढे हात टेकले.

सव्वा वर्ष झालं. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा हात, आता डावाही मान डोलावतो. डॉक्टर म्हणाले, हे कमी होणार नाही, गोळ्यांनी जरा आवरता येईल. तुझ्या आईला कळवलं नाही कारण ती पिशवी भरून येऊन बसेल आणि मला चमच्यानं भरवेल. शेजाऱ्यांचा दिवा लावून द्यायला गेलो होतो, पेचकस चार वेळा पडला. त्यांनी नुसता उचलून हातात दिला. तेव्हापासून मी कुणाच्या घरी जात नाही. आयुष्यभर माझे हात हीच माझी ऐट होती, ठमे. ती गेली तेव्हा मला वाटलं मी भंगारात गेलो.

आणि मग तुझं पत्र आलं, की दोर डुलतोय. मी सरळ रेघ काढायला सात कागद फाडले होते. आठवा पाठवला, तोही वाकडाच. आणि त्या वाकड्या रेघेवर एक पोर श्वास सोडते म्हणतेस. उपकार कुणाचे कुणावर हा हिशेब तू करू नकोस, तुला जमणार नाही. मी तुझा आणि तुझ्या सात पोरांचा ऋणी आहे, हे स्पष्ट लिहितो.

रोज सकाळी मीही करतो. कपाटाला पाठ लावतो आणि डुलतो. पण कपाट काही खाली बसत नाही, मेलं.

आता बैठकीचं. धीर सोडायचा नाही. तुला वाटत असेल मनीकडून सगळं करून दाखवावं. मुळीच नको. मी कधीही तपासनीसाला लिफ्ट बाहेरून दाखवली नाही. बाहेरून त्याला फक्त दार दिसतं आणि भीती वाटते. त्याला आत उभं करायचं आणि बटण दाबायचं. समजलं का?

मामा


२ डिसेंबर

मामा,

समजलं होतं. पण मोठ्या बाईंना "आत उभ्या राहा" म्हणायची माझी छाती झाली नाही. सांगते कसं झालं ते.

बाईंच्या खोलीत आम्ही चौघी. बाई, मनीची आई, मी आणि मनी. मनी खिडकीशी उभी. मी अर्धा तास बोलले. बाई ऐकत होत्या, पण मध्येच म्हणाल्या, "मला तुमची तळमळ दिसते. पण उद्या ती गाडीखाली आली तर मी तिच्या आईला काय सांगू?" बाई उठल्या, कपाटाकडे तोंड करून निवासी शाळेचा अर्ज काढायला लागल्या. आणि अकराची घंटा झाली. खोलीच्या अगदी दाराबाहेर आहे ती!

मनीच्या टाचा वर गेल्या. हात वर. थरथर. माझ्या तोंडात तो शब्द आला होता, गिळला. तिची आई उठत होती, मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. मनीनं खोलीभर बघितलं. दाराकडेही बघितलं. आणि मग तिला एक पाठ दिसली.

गेली आणि मोठ्या बाईंच्या पाठीला पाठ लावली.

बाई दचकल्या. मागे वळणार तेवढ्यात मी ओरडले, "बाई, वळू नका! तुम्ही वजन आहात!" वीस वर्षांच्या नोकरीत मी मुख्याध्यापिकेला असं बोलले नव्हते. "तुम्ही वर जा, म्हणजे ती खाली येईल." "वर कुठे?" "टाचा उचला. हात वर करा." आणि मामा, आमच्या मोठ्या बाई, ज्यांना बघून शिपाईसुद्धा विडी लपवतो, हातात अर्ज घेऊन चवड्यांवर उभ्या राहिल्या. मागून मनी खाली यायला लागली. दुसरा मजला. पहिला. तळमजला. घंटा संपली होती, पण कुणी हललं नाही. मग मनी पुन्हा वर आली, बाई चवड्यांवरून उतरल्या आणि दोघी डुलायला लागल्या. बाईंनी डोळे मिटले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मनीनं लांब श्वास सोडला, आणि तिच्या मागून बाईंनीही.

मग मनी बोलली. दिवसभरात तीन शब्द बोलणारी पोर. मान न वळवता विचारलं, "लेव्हल आली का?"

बाई म्हणाल्या, "थोडं खाली, बाळा." आणि रडल्या. त्यांच्या घरी काय चाललंय मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

अर्ज परत कपाटात गेला. मनी इथेच राहणार. आमच्या मजल्यावरची घंटा काढून दिवा लावणार आहेत, आणि सरावाच्या घंटेच्या आदल्या दिवशी आम्हाला कळवणार. पहारेकरी, ज्याला ती चावली, तोसुद्धा वर्गात येऊन पाठ लावायला शिकून गेला. निघताना मनीची आई माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वरच्या वर उचललं आणि सांगितलं, "हे सगळं एका म्हाताऱ्या लिफ्टवाल्याचं आहे." तुला तिनं नमस्कार सांगितलाय. माझा तर आहेच.

शनिवारी मी येतेय. आईला आणत नाही, घाबरू नकोस. पण कपाटाच्या जागी मी उभी राहणार, आणि मी खाली बसते, मेलं कपाट बसत नसलं तरी.

सोबत मनीची चिठ्ठी. चित्र तिचं, अक्षर लिफ्टमनबाईचं, वाचायला तुला सोपं जाईल. दोघींच्या चित्रांत आता सगळेच दोर डुलणारे असतात.

ठमी

(चिठ्ठी)
मामा, लेव्हल आली का? — मनी


१३ डिसेंबर

मनीस,

तुझं चित्र कपाटावर लावलंय. तुझ्या बाई शनिवारी आल्या होत्या. आम्ही पाठीला पाठ लावून वर-खाली झालो. त्यांचे गुडघे वाजतात, वर्गात सगळ्यांना सांग. नंतर शेजारच्यांनी त्यांचा दिवा परत दाखवायला बोलावलं. पेचकस बाईंनी धरला, कुठे फिरवायचा ते मी सांगितलं, दिवा लागला.

तू विचारलंस त्याचं खरं उत्तर देतो, कारण लिफ्टवाल्यानं या बाबतीत खोटं बोलायचं नसतं. लेव्हल नाही आली. चार बोटं खाली आहे, आणि डॉक्टर म्हणतात तिथेच राहील. पण चार बोटं खाली असली तरी दार उघडतं. माणसं आत येतात, बाहेर जातात. फक्त पाऊल जरा सांभाळून टाकायचं.

हे पत्र लिहिताना हात डुलतोय. मी तो थांबवला नाही.

मामा